मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती आणि वेळ किती?



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयापासून अणुशक्तीपर्यंत नाना विषय ऐकले आहेत. त्या मानाने आमचा आजचा विषय किराणा मालाच्या यादीसारखा वाटण्याचा संभव आहे. मुंबईच्या विमानतळावरून न्यूयॉर्कच्या विमानतळापर्यंत अंतर किती आणि जावयास वेळ किती, एवढाच प्रश्न. यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, रेल्वेच्या वेळापत्रकासारखे कोठे तरी छापलेले असेल, ते पाहावे आणि घरी जावे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु या सभागृहात आज असे घर विरळा, की ज्याचा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा भाची अमेरिकेत नाही. या सर्व घरांतून "किती लांब आहे हो?" या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरांत कोणी देत नाही, "सोळा तास" असे देतात. आणि त्याच घरात परतीच्या प्रवासाला "साडेचौदा तास" सांगतात. जाताना लांब आणि येताना जवळ, असा रस्ता कोठे असतो काय? आमच्या गावापासून कोल्हापूर जेवढे दूर, तेवढेच कोल्हापुरापासून आमचे गाव! तेव्हा या सोळा आणि साडेचौदांच्या पोटात काय काय दडले आहे ते उकलून पाहावे, असा आमचा विचार आहे.

प्रथम अंतराकडे वळू. टेबलावर हा पृथ्वीचा गोल आहे आणि हा साधा शिवणाचा दोरा. भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला आहे, तो मुद्दामच टांगला आहे. नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असे देश ओलांडून अटलांटिक महासागरात उतरते. आता तोच दोरा गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिपक्यांवर धरून ताणा. पाहा, दोरा कोठे गेला! तो आफ्रिकेकडे फिरकतही नाही. सिंधमधून निघून तो कंदाहारच्या जवळून जातो, तुर्कमेनिस्तानचे वाळवंट आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडतो, मॉस्कोच्या आग्नेयेस असलेल्या र्‍याझान शहराच्या आसपास पोहोचतो, सेंट पीटर्सबर्गला जवळजवळ शिवून नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमवरून समुद्रावर येतो. पुढे आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलँडचे दक्षिण टोक, लॅब्राडोर आणि मग न्यूयॉर्क. ज्या न्यूयॉर्कचा अक्षांश चाळिसाच्या जरासाच वर आहे, तेथे जाण्यासाठी हा दोरा चौसष्टाव्या अक्षांशाच्याही पलीकडे चढतो. उष्ण कटिबंधातल्या मुंबईहून निघालेल्या माणसाने बर्फाच्या दारावरून जावे, हे प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते, पण दोरा खोटे बोलत नाही. गोलावरच्या दोन ठिकाणांतील सर्वांत जवळची वाट म्हणजे त्या गोलाच्या केंद्राभोवती काढलेल्या मोठ्यात मोठ्या वर्तुळाचा तुकडा. भूमितीत याला बृहद्वृत्त म्हणतात. ताणलेला दोरा आपोआप या वर्तुळावर बसतो, त्याला भूमिती शिकवावी लागत नाही.

मग नकाशा खोटा काय? खोटा नव्हे, तो वेगळ्या कामासाठी केलेला आहे. गेरार्ड मर्केटर याने १५६९ साली ही नकाशाची पद्धत काढली ती गलबते हाकणाऱ्यांसाठी. होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून समुद्र ओलांडावयाचा, तर ती वाट कागदावर सरळ दिसावी, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी त्याने ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा केला. म्हणून शाळेच्या भिंतीवर ग्रीनलँड हे आफ्रिकेएवढे दिसते. वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. होकायंत्राचा काटा न हलवता मुंबईहून न्यूयॉर्कला जावयाचे ठरविले, तर १४,२०० किलोमीटर पडतात. दोऱ्याच्या वाटेने गेले, तर सुमारे १२,५०० किलोमीटर. सतराशे किलोमीटरांचा, म्हणजे जवळजवळ दोन तासांच्या उड्डाणाचा फरक केवळ सपाट कागदावर विश्वास ठेवण्याने पडतो.

हा १२,५०० चा आकडा आपल्याला घरीही काढता येतो, आणि तो काढण्याची रीत आपल्याकडे मुळीच परकी नाही. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर, त्याचे ३६० अंश. म्हणजे अंशाला १११ किलोमीटर. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामधला कोन पावणेएकशेतेरा अंशांच्या आसपास आहे. गुणाकार करा, झाले. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि'तल्या गोलाध्यायात हीच युक्ती आहे. उत्तर-दक्षिण असलेल्या दोन गावांचे अक्षांश मोजा, त्यांच्यामधले अंतर मोजा आणि त्रैराशिकाने सगळ्या पृथ्वीचा परीघ काढा. तो त्यांनी ४,९६७ योजने दिला आहे. पृथ्वी गोल असून सपाट का भासते, याचे कारणही त्यांनी दिले आहे. परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, आणि पृथ्वी एवढी मोठी, माणूस एवढा लहान, की त्याच्या दृष्टीला जेवढी दिसते तेवढी सपाटच असणार. चाळीसगावाजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. तो आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याबद्दल आहे. आपल्यापैकी जे त्या बाजूला जातील त्यांनी तो अवश्य पाहावा. विमानाच्या व्याख्यानात शिलालेख कोठून आला, असे म्हणू नका. वैमानिकाचे सगळे गणित गोलाध्यायाच्याच जातीचे आहे.

आता वेळेचा हिशेब. मोठे जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर जाते. १२,५०० ला ९०० नी भागले, तर चौदा तासांना थोडे कमी. वेळापत्रक सांगते सोळा. हे दोन तास कोणी खाल्ले?

काही मिनिटे तर जमिनीवरच जातात. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. मुंबईच्या धावपट्टीपुढे रांगेत उभे राहणे, वर चढताना आणि खाली उतरताना मंद जाणे, न्यूयॉर्कवर आणखी पाचपन्नास विमाने घिरट्या घालीत असताना आपली पाळी येणे, यांत अर्धा-पाऊण तास सहज जातो. याविषयी अधिक बोलण्यासारखे काही नाही.

पण येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याला हसू नये. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला न्यूयॉर्क समोरून भेटावयास यावे! उलट तिकडे जातानाच उशीर का? खरोखर, मुंबईवर विमान वर नेऊन स्वस्थ टांगून ठेवले, तर दहा-बारा तासांत न्यूयॉर्क आपोआप खाली यावयास नको काय? ही शंका फार जुनी आहे. पृथ्वी फिरते असे आर्यभटाने म्हटल्यावर, मग पक्षी घरट्यांना परत कसे येतात, असा आक्षेप आपल्याच ज्योतिषांनी घेतला होता. उत्तर असे की हवा पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या आगगाडीत उडणारी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, कारण डब्यातली हवा डब्याबरोबर धावते. विमान हे त्या डब्यातली माशी आहे.

मात्र हवा पृथ्वीबरोबर फिरते म्हणून ती स्थिर असते, असे नाही. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमके विमाने उडतात तेथे, समशीतोष्ण कटिबंधात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या प्रचंड नद्या वाहत असतात. इंग्रजीत त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग. हिवाळ्यात तो तीनशेच्याही वर जातो. विषुववृत्ताकडची हवा तापून वर चढते आणि ध्रुवाकडे सरकू लागते. पण तिच्या अंगी विषुववृत्तावरचा पूर्वेकडचा मोठा वेग असतो, आणि ध्रुवाकडे जावे तसतशी खालची जमीन मंद फिरत असते. म्हणून ती हवा जमिनीच्या पुढे पुढे पळू लागते. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम प्रवासावर होतो खरा, पण शंकाकाराला वाटला त्याच्या अगदी उलट!

या वाऱ्यांचा शोध लागण्याची कथा मोठी विलक्षण आहे. जपानमध्ये तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी नावाच्या शास्त्रज्ञाने १९२३ पासून दोन वर्षे फुगे सोडून वरच्या वाऱ्यांचे माप घेतले. आपले संशोधन साऱ्या जगाने वाचावे म्हणून त्याने ते १९२६ साली एस्पेरांटो या कृत्रिम जागतिक भाषेत प्रसिद्ध केले, आणि म्हणूनच ते जगात जवळजवळ कोणीही वाचले नाही. १९४४ साली अमेरिकेची अवजड बाँबफेकी विमाने टोकियोवर तेवढ्याच उंचीवरून गेली तेव्हा त्यांचे बाँब लक्ष्यापासून भलतीकडेच पडू लागले आणि वाऱ्याविरुद्ध वळलेली विमाने जागीच खिळल्यासारखी झाली. तेव्हा कोठे त्या देशाला या वाऱ्याची ओळख पटली. आपल्या मुलांनी मराठीत शास्त्र लिहावे की इंग्रजीत, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. पण ओइशीची आठवण त्या वादात दोन्ही पक्षांनी ठेवण्यासारखी आहे.

आता होडी नदीतून वर हाकावी आणि खाली हाकावी, तसा हा हिशेब झाला. वाटेत सरासरी ताशी पन्नास किलोमीटरांचा वारा समोरून आला तर नऊशेचे साडेआठशे होतात, पाठीमागून आला तर साडेनऊशे. साऱ्या वाटेवर दीड तासाचा फरक एवढ्यानेच पडतो. सोळा आणि साडेचौदा यांचे कोडे येथे बहुतांशी सुटले. अटलांटिकवर याचा चमत्कार अधिक स्पष्ट दिसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत एक ब्रिटिश प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी त्याला सहा तासांच्या वर लागतात. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरांवर गेला होता, म्हणजे ध्वनीपेक्षाही अधिक. आणि तरीही हवेच्या मानाने ते आपल्या नेहमीच्या चालीनेच चालले होते. म्हणून न्यूयॉर्कला जाणारी विमाने रोज नेमक्या एकाच रेघेने जात नाहीत. वारा कोठे आहे ते पाहून रोज नवी वाट आखतात. लांबून गेलेले लवकर पोहोचते, असे कित्येकदा घडते.

वेगाविषयी बोलतोच आहोत, तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. सुमारे दोन महिने. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ती टाटांच्या हवाई वाहतुकीची सुरुवात. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करीत लंडनला निघाले. १९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. दोन महिन्यांवरून प्रवास एका दिवसाच्या आसपास आला. आणि त्यानंतर? त्या ७०७ चा वेग ताशी नऊशेच्या आगेमागेच होता, आणि आजच्या विमानाचाही तेवढाच आहे! साठ-पासष्ट वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन आला, टेलिफोन खिशात आला. प्रवासी विमानाचा वेग मात्र तसूभर वाढला नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे काँकॉर्ड विमान निघाले, तेही तेल पिता पिता २००३ मध्ये कायमचे जमिनीवर बसले. ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाने मुंबई–न्यूयॉर्क अशी थेट सेवा सुरू केली, तेव्हा जो वेळ वाचला तो वेग वाढल्यामुळे नव्हे, तर वाटेत न थांबल्यामुळे.

न थांबणे ही मात्र लहान गोष्ट नव्हे. मोठ्या बोइंग ७७७ विमानाचे उड्डाणाच्या वेळचे वजन साडेतीनशे टन असते. त्यांतले सुमारे १४५ टनांपर्यंत नुसते तेल! तासाला सात-आठ टन तेल जळते. आणि गंमत अशी की पहिल्या काही तासांतले पुष्कळसे तेल पुढच्या तासांचे तेल वाहून नेण्यातच खर्च होते. लांबच्या यात्रेला निघालेल्या बैलगाडीत बैलांची वैरणच निम्मी गाडी अडवते, तसा हा प्रकार आहे. म्हणून वाट अर्ध्या तासाने वाढली, तर तेवढ्यासाठी कधी कधी सामान किंवा प्रवासी खाली ठेवावे लागतात. ही गोष्ट लक्षात असू द्या. कारण आता ज्या विषयाकडे आम्ही वळणार आहोत, तेथे तिचेच काम आहे.

आतापर्यंत आम्ही दोरा असा ताणला, जणू आकाश कोणाचेच नाही. समुद्राविषयी हे बऱ्याच अंशी खरे आहे. किनाऱ्यापासून ठरावीक मैलांपलीकडचा समुद्र सर्वांचा. आकाशाची गोष्ट निराळी. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याचे पहिलेच कलम असे की प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य सत्ता आहे. म्हणजे आमचा दोरा ज्या ज्या देशावरून गेला, त्या त्या देशाची परवानगी हवी आणि त्याला पैसेही मोजावयास हवेत. सिंध, कंदाहार, र्‍याझान, सेंट पीटर्सबर्ग! ही नावे पुन्हा एकदा मनाशी म्हणा, म्हणजे अडचण कोठे आहे ते ध्यानात येईल.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैच्या मध्यापर्यंत. पुन्हा २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना ते बंद झाले आणि ३० एप्रिलला भारतानेही पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. ज्या वाटेने टाटांचे ते चिमुकले विमान टपाल घेऊन आले, ती कराची–मुंबई हीच वाट. या बंदीचा फटका मुंबईपेक्षा दिल्लीला फार मोठा बसला. दिल्लीहून पश्चिमेकडे जावयाचे तर आधी दक्षिणेला समुद्रापर्यंत उतरावे लागते. तेथून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी तेलासाठी उतरावे लागले, म्हणजे आपण पुन्हा मागच्या पिढीत गेलो. मुंबई समुद्रावर आहे, म्हणून तिचे थोडक्यात भागते. मुंबई, मस्कत, इस्तंबूल, न्यूयॉर्क असा मोडका दोरा लावून पाहिला, तर सुमारे १३,००० किलोमीटर भरतात. साडेचारशे-पाचशे किलोमीटरांचा वळसा; म्हणजे अर्ध्या तासाचाच. लांबच्या वाटेत थोडे बाजूला झाल्याने फारसे बिघडत नाही, हा गोलाचा मोठा उदार गुण आहे. आता आमचा हिशेब पुरा जमतो. १३,००० ला साडेआठशेने भागा, जमिनीवरची मिनिटे मिळवा, सोळा तास येतात.

पण ही दुसरी वाटही आखाताच्या तोंडावरून जाते. १३ जून २०२५ रोजी इराणवर हल्ले सुरू झाले आणि तेथील आकाश एकाएकी बंद झाले, तेव्हा मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे निघालेली काही विमाने अर्ध्या वाटेवरून परत मुंबईला आली. तीन-चार तास उडून मनुष्य जेथून निघाला तेथेच उतरला! रशियाने फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस छत्तीस देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा हेलसिंकीहून टोकियोला जाणाऱ्या फिनलंडच्या विमानाचे साडेनऊ तासांचे तेरा तास झाले. फिनलंड जपानपासून तिळभरही हलला नव्हता.

यात कोणाला नुसती गैरसोय दिसेल. आम्हांला तसे वाटत नाही. १ सप्टेंबर १९८३ रोजी न्यूयॉर्कहून अँकरेजमार्गे सोलला जाणारे कोरियाचे एक प्रवासी विमान आखलेल्या वाटेपासून हळूहळू ढळत सोव्हिएत हद्दीत शिरले आणि ते पाडण्यात आले. २६९ माणसे गेली. त्याच महिन्यात अमेरिकेने जाहीर केले, की उपग्रहांवरून जागा शोधण्याची आपली लष्करी पद्धत तयार झाल्यावर ती नागरी विमानांनाही मोकळी ठेवण्यात येईल. आज आपल्या खिशातला टेलिफोन आपल्याला गल्लीबोळ दाखवतो, त्याच्या मागे ही २६९ माणसे आहेत. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर मलेशियाचे विमान पाडले गेले, त्यात २९८ गेली. ते तर आपल्या ठरलेल्या वाटेवरूनच चालले होते. तेव्हा वळसा घ्यावा लागला म्हणून कुरकुरणाऱ्या सहप्रवाशाला आम्ही एवढेच सांगू, की वळसा घेता आला हे पुष्कळ झाले.

आता घड्याळाचे कोडे. भारताचा वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, न्यूयॉर्कचा हिवाळ्यात पाच तास मागे. अंतर साडेदहा तासांचे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते लोक आपली घड्याळे एक तास पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. म्हणून उन्हाळ्यात साडेनऊ. ज्यांना हा खटाटोप विचित्र वाटतो, त्यांनी आठवावे की खुद्द मुंबईचा वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंदुस्थानच्या वेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे असे. समजा, डिसेंबरात रात्री दीडला मुंबईहून विमान निघाले. सोळा तासांनी आपल्या हातावर सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात, पण न्यूयॉर्कला त्याच दिवशीचे सकाळचे सात! आणि सात वाजले तरी तेथे त्या दिवसांत सूर्य उगवलेला नसतो. पृथ्वी विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, पण साठाव्या अक्षांशावर तोच वेग निम्मा होतो, विमानाच्या वेगाहूनही कमी. म्हणजे त्या उंच अक्षांशावर विमान पश्चिमेकडे उडते तेव्हा मागून येणारी पहाट त्याला गाठूच शकत नाही. मुंबईला सूर्यास्त पाहिलेल्या प्रवाशाची रात्र चोवीस तासांच्या घरात जाते. खिडकीचा पडदा वर करून बाहेर पाहणाऱ्या म्हातारीला "अजून उजाडले कसे नाही?" असे वाटले, तर तिला समजावून सांगणे सोपे नाही. परतीला दुपारी बाराला निघालेले विमान साडेचौदा तासांनी मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उतरते, आणि मधली रात्र चिमटीत धरल्याएवढी लहान होते. माणसाच्या शरीरातले घड्याळ स्वभावतः चोवीस तासांपेक्षा किंचित मोठे असते. दिवस लांबवणे त्याला सोसते, आखडणे सोसत नाही. म्हणून पूर्वेकडे आलेली मुले पहिला आठवडा भर दुपारी घोरत पडतात. त्यांना आळशी म्हणू नका.

शेवटी, एक हिशेब आम्ही मांडून दाखवतो. तो अप्रिय आहे, पण या सभागृहातल्या पुष्कळ घरांना कधी तरी तो करावा लागतो. सोमवारी सकाळी साडेसहाला साताऱ्यात वडील गेले. टेलिफोन लागला, तेव्हा न्यू जर्सीत मुलाकडे रविवारचे रात्रीचे आठ वाजले होते. समुद्राच्या तळाच्या तारेतून आवाज तेथे पोहोचावयास एका सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ पुरतो. मुलाला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराचे विमान मिळाले. मिळाले असे आपण धरून चालू. ते मुंबईला मंगळवारी दुपारी एकला उतरले. दोनला तो विमानतळाबाहेर आला आणि मोटारीने रात्री आठला घरी पोहोचला. साडेसदतीस तास झाले. त्यांपैकी आकाशात साडेचौदा. उरलेले तेवीस तास तिकीट, सामान, वाट पाहणे, रांगा आणि आपला घाट यांचे. व्हिसाच्या कागदाची अडचण असली तर तो निघूच शकत नाही, आणि मग १२,५०० या आकड्याला काही अर्थच उरत नाही. शीतपेटी आणून वाट पाहावयाची की आहे त्या माणसांनी पुढचे करावयाचे, हे घरच्यांना त्या पहिल्या तासातच ठरवावे लागते. आमचे म्हणणे एवढेच, की हे साडेसदतीस तास आधी ठाऊक असले, तर त्या तासात कोणी कोणावर चिडत नाही. "सोळा तासांचा तर रस्ता, अजून कसा आला नाही?" हे शब्द आम्ही अनेक घरांतून ऐकले आहेत.

वेळ झाल्याची खूण अध्यक्षमहाराजांनी केली आहे. गोल आणि दोरा येथेच टेबलावर राहतील. मुलांनी अवश्य पुढे यावे आणि आपापले दोरे ताणून पाहावेत. नोव्हेंबर २०२० मध्ये सिंगापूर–न्यूयॉर्क अशी थेट सेवा सुरू झाली, सुमारे १५,३५० किलोमीटरांची. तो दोरा कोणत्या समुद्रावरून जातो ते पाहा. आणि ज्यांचे कोणी सॅन फ्रान्सिस्कोला आहे, त्यांनी मुंबईपासून आधी पश्चिमेकडून दोरा लावावा, मग ईशान्येकडून. आणि कोणता आखूड भरतो, ते खाली उतरण्यापूर्वी आम्हांला येऊन सांगावे.